'हेही वाचा' मध्ये काय दाखवायचं: टॅग, फुलटेक्स्ट की व्हेक्टर?

लेखाच्या खाली चार-पाच संबंधित लेख दाखवायचे असतात, ते डेटाबेसमधून नक्की काढायचे कसे, हे गेल्या काही महिन्यांत बऱ्याच जणांनी विचारलं, बहुतेक सगळे मराठी साइटवाले. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहितो. मी एका शेतीविषयक मराठी साइटचं काम बघतो, खाली जँगो ही पायथनची वेब चौकट आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस आहे, लेख काही हजार, रोज नवीन येतात, आणि लिहिणारे लोक वेगवेगळ्या जिल्ह्यांतले. टॅग (लेखाला हाताने लावलेले विषयशब्द), फुलटेक्स्ट (मजकुरातले शब्द जुळवणं) आणि व्हेक्टर (मजकुराचा अर्थ आकड्यांत मांडून तुलना करणं) हे तिन्ही प्रकार मी तिथे खऱ्या वाचकांसमोर चालवलेत, त्यामुळे पुढे जे लिहितोय ते त्या एका साइटच्या अनुभवावरून आहे. तुमचा मजकूर वेगळा असेल तर निष्कर्षही वेगळा निघू शकतो.

जॉईन म्हणजे काय, इंडेक्स का लागतो यात शिरत नाही. वेगाचा मुद्दाही बाजूला ठेवतो, कारण संबंधित लेख काही दर सेकंदाला बदलत नाहीत, रात्री एक जॉब चालवून प्रत्येक लेखाचे पहिले दहा सोबती एका वेगळ्या टेबलात लिहून ठेवले की पान उघडताना फक्त एक साधी क्वेरी लागते. तिन्ही पद्धतींना हे लागू आहे. म्हणून कोण किती मिलिसेकंदात उत्तर देतं यावरून निवड करू नका असं मला वाटतं.

आधी फुलटेक्स्ट, कारण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात, डेटाबेसमध्ये आयतंच मिळतं. वर्डप्रेसची संबंधित लेखांची कितीतरी प्लगिन आतून हेच करतात. इंग्रजी साइटला हे खरंच छान चालतं. मराठीला मात्र अडचणी येतात, आणि त्या डोळ्यांना दिसत नाहीत हा खरा त्रास आहे, कारण एरर काहीच येत नाही, निकाल येत राहतात, फक्त ते जरासे विचित्र असतात.

मायएसक्यूएल या डेटाबेसचं उदाहरण घ्या. त्याच्या इनोडीबी या साठवण-इंजिनमध्ये फुलटेक्स्ट ५.६ पासून आहे, आणि शब्दाची किमान लांबी डिफॉल्टला तीन अक्षरं. आता 'ऊस' हा शब्द दोन अक्षरांचा. म्हणजे सेटिंग न बदलता तुम्ही इंडेक्स बनवलात तर ऊस हा शब्द इंडेक्समध्ये येतच नाही. कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकांसाठी साइट चालवायची आणि ऊस इंडेक्समध्ये नाही! सेटिंग बदलता येतं, पण चालू सर्व्हरवर नाही, रीस्टार्ट करून इंडेक्स पुन्हा बांधावा लागतो, आणि शेअर्ड होस्टिंगवर असाल तर तेही तुमच्या हातात नसतं. शिवाय वगळायच्या शब्दांची जी तयार यादी असते ती इंग्रजी, म्हणजे 'आणि', 'आहे', 'मध्ये' हे सगळे शब्द इंडेक्समध्ये बसून राहतात, ती यादी आपली आपण करून द्यायची.

पोस्टग्रेसमध्ये हा लांबीचा प्रश्न नाही, पण तिथे मूळ शब्द काढणारा स्टेमर मराठीसाठी नाही. तमिळ आणि नेपाळी आवृत्ती १२ मध्ये आले, हिंदी १४ मध्ये आली, मराठी अजून नाही. हिंदीवर भागवू असं वाटतं, मलाही वाटलं होतं, पण आपलं सामान्यरूप हिंदीसारखं नाही. कापूस, पण कापसाचा. पाऊस, पण पावसाने. ऊस, पण उसाला. शेपटीची अक्षरं कापून हे एका मुळाशी येत नाहीत कारण शब्द आतूनच बदलतो. मग एका लेखात सगळीकडे 'कापसावरील' आणि दुसऱ्यात 'कापूस' असेल तर डेटाबेसच्या दृष्टीने त्या दोघांचा काही संबंध नाही. त्यात पोस्टग्रेसचं रँकिंग शब्द एकूण साइटवर किती दुर्मिळ आहे ते बघतच नाही, 'शेतकरी' जुळला काय आणि 'हुमणी' (एक कीड) जुळला काय, दोन्हीला सारखाच मान. याबाबतीत मायएसक्यूएल बरं, ते दुर्मिळ शब्दाला जास्त वजन देतं.

काही जण म्हणतात डेटाबेसवर कशाला सोडायचं, लेख बाहेर काढून पायथनमध्ये टीएफ-आयडीएफ (शब्द लेखात किती वेळा आणि एकूण किती लेखांत येतो यावरून त्याला वजन देणं) करू आणि निकाल परत टेबलात भरू. कल्पना चांगली आहे, पण करणार असाल तर हे आधी तपासा. साय-किट लर्न या पायथन लायब्ररीचा मजकुराचे शब्द पाडणारा जो डिफॉल्ट टोकन पॅटर्न आहे तो पायथनच्या रेगेक्सवर (मजकुरातले नमुने शोधणाऱ्या नियमांवर) चालतो, आणि पायथनचं ते रेगेक्स काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांना अक्षर मानत नाही, त्या प्रत्येक ठिकाणी शब्द तोडतं. तोडल्यावर एकटं उरलेलं अक्षर फेकून देतं. त्यामुळे 'सोयाबीन' हा शब्द पूर्ण नाहीसा होतो, 'कांदा' नाहीसा होतो, 'शेतकरी'चं 'तकर' होतं. आणि 'पाऊस'चं काय होतं बघा: पुढचा 'प' गळतो, काना गळतो, उरतो 'ऊस'. म्हणजे पावसाच्या अंदाजाच्या लेखाखाली ऊस लागवडीचे लेख यायला लागतात, आणि गंमत म्हणजे वरवर बघणाऱ्याला ते पटतंही, कारण पाऊस आणि ऊस यांचा संबंध कुणीही जोडू शकतो. उपाय सोपा आहे, पॅटर्न स्वतः द्या आणि त्यात देवनागरीची सगळी रेंज घाला, पण हे माहीत असायला हवं.

अजून एक, टॅग सोडून बाकी कुठलीही पद्धत घेतलीत तरी लागणारं काम. 'शेतकऱ्यांना' हा शब्द दोन प्रकारे साठवलेला असतो. एक म्हणजे नुक्त्याचा 'ऱ' वापरून, दुसरा साध्या 'र' नंतर हलन्त आणि मग एक अदृश्य जोडणारं कॅरेक्टर. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. डेटाबेसला दोन वेगळे शब्द. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन चालवलं तरी हे दोघं एक होत नाहीत, तुम्हालाच स्वतः बदलून घ्यावं लागतं. मोबाइलवरून लिहिणारा वेगळा, ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून लिहिणारा वेगळा, जुन्या फॉन्टमधून कन्व्हर्ट केलेले लेख अजून वेगळे, आणि शेतीच्या साइटवर या एका शब्दाशिवाय लेखच नसतो.

इलॅस्टिकसर्च या सर्च इंजिनबद्दल थोडक्यात. सर्चसाठी ते आधीपासून चालू असेल तर त्यातलं 'मोअर लाईक धिस' जरूर वापरून बघा. फक्त त्याची डिफॉल्ट बदला. मूळ लेखात शब्द किमान दोनदा यावा आणि एकूण किमान पाच लेखांत असावा अशी अट असते, आणि मराठीत 'हुमणी', 'हुमणीचा', 'हुमणीने', 'हुमणीमुळे' हे त्याच्या साध्या अॅनालायझरला, म्हणजे शब्द पाडणाऱ्या भागाला, चार शब्द वाटतात, प्रत्येक एकदाच आलेला, म्हणजे ज्या किडीवर पूर्ण लेख आहे तीच गाळली जायची शक्यता. मराठीचा तयार अॅनालायझर त्यातही नाही. आणि सर्चसाठी लागत नसेल तर या चार ओळींच्या चौकटीसाठी जावाचा एवढा पसारा छोट्या सर्व्हरवर मांडू नये, माझं मत.

आता व्हेक्टर. इथे मला मनापासून कौतुक करायचंय कारण पहिल्यांदा निकाल बघितले तेव्हा खरंच भारी वाटलं होतं. पोस्टग्रेसमध्ये पीजीव्हेक्टर हे एक्स्टेंशन टाकलं, लाबसे नावाचं गुगलचं मॉडेल आहे ज्याला मराठी येतं, त्यातून प्रत्येक लेखाचा ७६८ आकड्यांचा व्हेक्टर काढला, आणि जवळचे लेख मागितले. पुण्याच्या एलथ्रीक्यूब या संशोधन गटाची खास मराठीवर तयार केलेली मॉडेलही मोकळी उपलब्ध आहेत, ती पण बघा. सामान्यरूपाची कटकट जवळजवळ संपते. एकाने 'हरभरा' लिहिलंय, दुसऱ्याने 'चणा', तरी दोघं शेजारी येतात. 'अवकाळी'च्या लेखाखाली गारपिटीचा लेख येतो, ज्यात अवकाळी हा शब्दच नाही. फुलटेक्स्टमध्ये हे कितीही डोकं आपटलं तरी झालं नसतं. काही हजार लेख असतील तर वेगळा इंडेक्सही लागत नाही, रात्रीचा जॉब सगळ्यांशी तुलना करून मोकळा होतो.

लहान तक्रारी आहेत, त्या चालवून घेता येतात. एक म्हणजे या प्रकारची मॉडेल लेखाचा ठराविक तुकडाच वाचतात, साधारण ५१२ टोकनांच्या (शब्दाच्या तुकड्यांच्या) आत, आणि देवनागरीत टोकन भराभर संपतात. आमच्याकडच्या लेखांची सुरुवात बहुतेक 'राज्यात यंदा पावसाने ओढ दिल्याने' अशी, मग मुद्दा तिसऱ्या परिच्छेदात. तर सुरुवात सारखी म्हणून लेख सारखे ठरायला लागले. शीर्षक आणि सारांश एवढ्याचाच व्हेक्टर काढला की बराच फरक पडतो. दुसरी म्हणजे तारीख. कांदा निर्यातबंदी घ्या. सप्टेंबर २०१९ ला झाली, सप्टेंबर २०२० ला झाली, डिसेंबर २०२३ ला झाली, मे २०२४ मध्ये ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून उठवली. व्हेक्टरला हे सगळे लेख एकमेकांचे सख्खे भाऊ वाटतात, बंदी घातली आणि बंदी उठवली यातही त्याला फार अंतर दिसत नाही. लासलगावला माल न्यायचा की साठवणुकीच्या चाळीत ठेवायचा हे ठरवणाऱ्या माणसाने खालचं शीर्षक चालू बातमी समजून वाचलं तर? म्हणून बातमीवजा लेखांना तारखेचं वजन क्वेरीत लावावंच लागतं. ते लावता येतं.

पण ज्या गोष्टीमुळे माझा निर्णय झाला ती यातली नाही.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे तुम्हाला आठवत असेल. त्यावर आमच्याकडे एक मोठा लेख आहे, फवारताना काय होतं, अंगावर औषध कसं येतं, वाऱ्याची दिशा, उंच वाढलेली कपाशी, कुटुंबांचं पुढे काय झालं. या लेखाच्या खाली व्हेक्टरने पहिल्या क्रमांकावर काय दिलं, तर कपाशीवरच्या फवारणीचं वेळापत्रक, कोणतं औषध किती मिली, दोन औषधं एकत्र कशी करायची. आमच्या संपादक ताईंचा फोन आला, त्या चिडल्या नव्हत्या, फक्त विचारलं, "हा लेख इथे का आला, आणि तो काढायचा कसा?"

पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं असं म्हणता येणार नाही, दोन व्हेक्टरमधलं अंतर कमी आहे एवढंच सांगता येतं, ७६८ पैकी कुठल्या आकड्यामुळे कमी आहे ते कुणीच सांगू शकत नाही. आणि तसं बघितलं तर मॉडेल चुकलंही नव्हतं. कपाशी दोन्हीकडे, फवारणी दोन्हीकडे, औषधांची नावं दोन्हीकडे. वाचकाच्या दृष्टीने मात्र ते भयंकर होतं. तिथे यायला हवा होता तो विषबाधा झाल्यास पहिल्या तासात काय करायचं हा लेख, फवारणीच्या सुरक्षा साधनांचा लेख, आणि ते दोन्ही आमच्याकडे होते, यादीत बरेच खाली.

दुसरा प्रश्न जास्त अवघड निघाला. तो एक लेख हाताने वगळला, तर त्याच्या जागी दुसरं वेळापत्रक आलं. ते वगळलं तर गुलाबी बोंडअळीसाठी औषधांचा तक्ता. वगळण्याची यादी वाढवत बसायचं आणि उद्या नवीन वेळापत्रक छापून आलं की परत पहिले पाढे. मॉडेलला "या लेखाखाली औषधांचं प्रमाण नको, सुरक्षा हवी" हे सांगायला कुठे बटणच नाही. ट्रेनिंग करा म्हणतात, करता येतंही, पण चार माणसांच्या साइटवर कोण करणार आणि दर हंगामात कोण परत करणार?

टॅगच्या पद्धतीत हेच काम ताईंनी स्वतः केलं असतं, मला फोन न करता. तिन्ही लेखांना 'फवारणी-सुरक्षा' हा टॅग लावायचा, संपलं. म्हणून मी परत टॅगवर आलो, आणि आता तिथेच आहे.

नुसत्या टॅगवर नाही पण. साधा प्रकार, म्हणजे किती टॅग सामायिक आहेत ते मोजा आणि जास्तवाले वर आणा, हा फार भोंगळ निकाल देतो. 'शेती' आणि 'महाराष्ट्र' हे टॅग प्रत्येक लेखावर असतात, त्यांच्या जुळण्याला अर्थ नाही. तर प्रत्येक टॅगला वजन द्यायचं, एकूण लेख भागिले त्या टॅगचे लेख, आणि त्याचा लॉगरिदम. पोस्टग्रेसमध्ये लेख-टॅगच्या टेबलाचा स्वतःशीच जॉईन, वजनांची बेरीज, उतरत्या क्रमाने. पंधरा-वीस ओळींची क्वेरी आहे. 'शेती'चं वजन आपोआप शून्याजवळ जातं आणि 'हुमणी' वर येते. एवढ्या एका बदलाने निकालात जो फरक पडला तो मला व्हेक्टरइतकाच मोठा वाटला, मोजमाप केलेलं नाही, पण संपादकीय टीमकडून येणारे फोन थांबले हे खरं.

पुढचा बदल याहून महत्त्वाचा. टॅगला प्रकार दिले: पीक, समस्या, अवस्था, जिल्हा, योजना. आणि कुठल्या प्रकाराला किती गुणायचं ते एका छोट्या टेबलात ठेवलं. 'उसातील हुमणी' हा लेख वाचणाऱ्याला पुढे काय हवं, भुईमुगातील हुमणी की ऊस खत व्यवस्थापन? हा प्रश्न प्रोग्रामरने सोडवायचा नाहीच. आमच्याकडे ठरलं की समस्या आधी, मग पीक, मग अवस्था, जिल्हा शेवटी, आणि ज्याच्या पिकाला किडीने ग्रासलंय तो माणूस खताचं वाचायला आलेला नसतो हे ज्या ताईंना ठाऊक होतं त्यांनीच ते ठरवलं. अवस्था हा प्रकार तर जूनमध्ये लगेच उपयोगी पडला, सोयाबीन पेरणीच्या लेखाखाली मळणी आणि साठवणुकीचे लेख येणं बंद झालं. व्हेक्टरला दोन्ही सोयाबीनच.

टॅगचा तोटा सगळ्यांना माहीत आहे, ते लावायला माणूस लागतो आणि माणसं वाटेल तसे लावतात. आमच्याकडे 'कांदा', 'कांदे', 'कांदा पीक', 'कांदा बाजारभाव', आणि शेवटी एक स्पेस असलेला 'कांदा ' असे सगळे होते. नवीन टॅग बनवायची परवानगी दोनच जणांना ठेवली, बाकीच्यांनी यादीतून निवडायचं, टाइप करताना सुचवण्या येतात. प्रादेशिक नावांसाठी वेगळं टेबल, 'चणा' टाइप केलं की 'हरभरा' पुढे येतो. सुरुवातीचं हे आवरणं कंटाळवाणं आहे, खोटं कशाला सांगू, पण एकदा झालं की झालं. आणि चूक दिसली तर ती कुठे आहे ते दिसतं: अमुक लेखाला अमुक टॅग चुकून लागलाय, काढा. ते मला फार मोलाचं वाटतं.

तर कुणी काय घ्यावं. तुमच्याकडे टॅग लावणारं कुणीच नसेल, लेख बाहेरून आपोआप येत असतील किंवा जुना साठा प्रचंड असेल, तर व्हेक्टरच घ्या, बाकी कशातही तेवढं हाती लागणार नाही. मनोरंजन, प्रवास, पाककृती अशा विषयांत एखादा लेख चुकीचा आला तर कुणाचं बिघडत नाही, तिथेही व्हेक्टर छान. फुलटेक्स्ट मराठीसाठी सध्या तरी मी सुचवणार नाही, सर्चच्या डब्यासाठी ठेवा. पण जिथे संपादक आहे, जिथे वाचक लेख वाचून शेतात, दवाखान्यात किंवा बँकेत काहीतरी करणार आहे, तिथे वजनदार टॅगकडे माझा कल आहे, आणि तो वर्षागणिक पक्काच होत चाललाय.

व्हेक्टर मी काढून टाकलेला नाही. जुने लेख ज्यांना टॅगच नव्हते, त्यांच्यासाठी तो रात्री चालतो, जवळच्या दहा लेखांवर जे टॅग जास्त वेळा आलेत ते सुचवणी म्हणून संपादकीय पानावर मांडतो, आणि माणूस हो किंवा नाही म्हणतो. ते 'नाही' पण साठवून ठेवा, नाहीतर तीच सुचवणी दुसऱ्या दिवशी परत येते. आणि टॅगने दोनच लेख सापडले तर दोनच दाखवा, पाचाची चौकट भरायला व्हेक्टरकडून उरलेले तीन घेऊ नका, कारण यवतमाळच्या लेखाखाली ते वेळापत्रक परत याच वाटेने येईल.